पेण-रोह्याचा कातळ का सुटतो? उत्तर बर्फात दिसतं

रोह्यात बर्फ पडत नाही. तरीही इथल्या कातळाला भेगा कशा जातात हे समजायला प्रयोगशाळेतला बर्फ उपयोगी पडतो.

पेण आणि रोहा हा दख्खनच्या काळ्या बसॉल्टचा भाग. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थर एकावर एक साचले आणि खालचे थर वरच्यांच्या वजनाने दबले. किती दाब? १०० मीटर जाड बसॉल्टखाली दर चौरस सेंटीमीटरवर साधारण २८ किलो. हवेचा दाब जेमतेम एक किलो असतो! नदीने डोंगर झिजवला, खाणीतून दगड काढला किंवा रस्त्यासाठी कडा कापला की हा भार उतरतो. दबलेला खडक मोकळ्या बाजूला किंचित फुगतो आणि तिकडे भेगा पडतात. लाव्हा थंड होताना पडलेल्या जुन्या भेगा असतातच, त्याही रुंदावतात.

अडचण एकच, खडकाच्या आत बघता येत नाही. बर्फ मात्र पारदर्शक असतो, कमी जोरात फुटतो. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमध्ये एरलंड शुल्सन यांनी बर्फ दाबून त्यातल्या भेगांचा अनेक वर्षं अभ्यास केला. झटकन दाबलेला बर्फ खडकासारखाच तुटतो. बाजूने आधार नसेल तर तो दाबाच्या दिशेने उभा चिरतो. बाजूने थोडा दाब दिला की तिरका तुटतो. म्हणजे बाजूचा आधार गेला की उभ्या कड्याचे पापुद्रे का सुटतात, ते इथे डोळ्यांनी दिसतं. (सावकाश दाबलात तर बर्फ फुटत नाही, हिमनदीसारखा वाहतो. त्यामुळे ही तुलना सगळीकडे चालत नाही.)

कोकण रेल्वे रोह्यापासूनच सुरू होते आणि पुढे असंख्य कापलेल्या कड्यांमधून जाते. पावसात भेगांमध्ये पाणी शिरतं, माती निघून जाते आणि दगड सुटतो. १६ जून २००४ रोजी रायगडमध्येच करंजाडीजवळ रुळावर आलेल्या दगडांमुळे मत्स्यगंधा एक्सप्रेस घसरली, प्रवासी दगावले. आदल्याच वर्षी वैभववाडीजवळच्या अपघातात पन्नासहून जास्त जीव गेले होते.

म्हणूनच पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी असतो, रुळांवर गस्त असते, कड्यांवर जाळ्या दिसतात. काही ठिकाणी खडकात लोखंडी सळ्या ठोकून तो आवळतात. कड्याचा गेलेला बाजूचा दाब त्या थोडाफार परत देतात.