गाडी उभी, बॅटरी आडवी

एरवी आठवडाभर कापडी आवरणाखाली आणि रविवारी भल्या पहाटे द्रुतगती मार्गावर, असा स्पोर्ट्स कारचा शिरस्ता मुंबई-पुण्यात रुळला आहे. पावसाळ्यात तोही मोडतो. रस्त्यांवरील खड्डे, साचलेले पाणी आणि जमिनीपासून वीतभरही वर नसलेला गाडीचा तळ यांचे गणित जमत नसल्याने जूनमध्ये वाहनतळात शिरलेली गाडी अनेकदा दसऱ्यालाच बाहेर काढली जाते. किल्ली फिरवली की इंजिनाच्या गर्जनेऐवजी 'टक्-टक्' एवढाच आवाज येतो. काही गाड्यांचे तर कुलूपही उघडत नाही. इंजिन ठणठणीत, टायर नवेकोरे, किलोमीटरचा आकडा जेमतेम चार अंकी. दगा देते ती बॅटरी.

'गाडी फारशी वापरलीच नाही, मग बॅटरी गेली कशी?' हा अशा वेळी हमखास विचारला जाणारा प्रश्न आहे. त्याचे उत्तर प्रश्नातच दडलेले आहे. वापरली नाही म्हणूनच ती गेली.

बंद गाडी झोपत नाही

फ्रान्समधील गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये शिसे आणि गंधकाम्ल यांवर चालणारी, पुन्हा भरता येणारी बॅटरी तयार केली. १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीत विजेवर चालणारा स्टार्टर आला आणि इंजिन सुरू करण्याचे काम या बॅटरीकडे गेले. आज मात्र तिच्यावर त्याहून बरीच मोठी जबाबदारी आहे. चोरीचा इशारा देणारी यंत्रणा, रिमोटचा संदेश ऐकण्यासाठी सतत जागा असलेला रिसीव्हर, घड्याळ आणि विविध संगणकीय नियंत्रकांची स्मृती यांना गाडी बंद असतानाही वीज लागते.

हा प्रवाह साधारणतः २० ते ५० मिलीअँपिअर असतो. आकडा क्षुल्लक वाटतो. परंतु ५० मिलीअँपिअरच्या हिशेबाने दिवसाला १.२ अँपिअर-अवर वीज खर्च होते. बॅटरी ७० अँपिअर-अवरची असेल तर महिन्याभरात तिची निम्मी वीज संपते आणि दोन महिन्यांत ती रिकामी होते. गळती २० मिलीअँपिअरच असली, तरी पावसाळ्याच्या चार महिन्यांत सुमारे ५८ अँपिअर-अवर निघून जातात. म्हणजे गाडीत कोणताही दोष नसताना बॅटरी जवळजवळ तळाला जाते.

याउलट, इंजिन सुरू करण्यास लागणारी वीज आश्चर्य वाटावे इतकी थोडी आहे. स्टार्टरने दोन सेकंद २०० अँपिअर प्रवाह ओढला, तरी खर्च होतात ते सुमारे ०.११ अँपिअर-अवर. म्हणजे एका दिवसाच्या उभे राहण्यात दहा वेळा इंजिन सुरू करता येईल एवढी वीज निघून जाते. त्यात भर पडते ती बॅटरीच्या अंतर्गत गळतीची. काहीही जोडलेले नसले तरी ती दरमहा काही टक्के वीज गमावते आणि तापमान १० अंशांनी वाढले की हा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. युरोपात स्पोर्ट्स कार हिवाळ्यात उभ्या राहतात. थंडीमुळे ही अंतर्गत गळती तेथे मंदावते. आपल्याकडील दमट, उबदार वाहनतळात ती सवलत मिळत नाही.

रिकामेपण मानवत नाही

बॅटरी रिकामी झाली तर पुन्हा भरता येईल, असा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. वीज खर्च होताना बॅटरीतील पट्ट्यांवर लेड सल्फेट साचते. लगेच चार्जिंग झाले तर ते विरघळते. मात्र बॅटरी आठवडेच्या आठवडे रिकामी राहिली तर त्याचे टणक स्फटिक बनतात आणि पट्ट्यांचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. यालाच सल्फेशन म्हणतात. रोज धावणाऱ्या गाडीच्या बॅटरीला ही वेळ सहसा येत नाही. उभ्या गाडीच्या बॅटरीचा मात्र अनेकदा यातच अंत होतो.

तिची प्रकृती साध्या मल्टिमीटरने तपासता येते. गाडी काही तास बंद राहिल्यानंतर बॅटरीच्या दोन्ही टोकांतील दाब १२.६ ते १२.७ व्होल्ट असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२.० म्हणजे जेमतेम पाव भरलेली. ११.९ च्या खाली ती रिकामीच समजावी. एजीएम या बंदिस्त प्रकारात पूर्ण भरलेल्या बॅटरीचा आकडा किंचित जास्त, १२.८ च्या आसपास असतो. १२.४ हीच धोक्याची घंटा मानून चार्जिंग करावे.

इंजिन चालू असताना हाच आकडा साधारण १३.८ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान दिसायला हवा. काही नव्या गाड्यांत संगणक हा दाब गरजेनुसार कमी-जास्त करतो, हे ध्यानात ठेवावे. आकडा सतत १३ च्या खालीच राहत असेल तर दोष अल्टरनेटरमध्ये असू शकतो. तो न शोधता नवी बॅटरी बसविणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय.

दहा मिनिटांचा देखावा

आठवड्यातून एकदा चालकाला पाठवून दहा मिनिटे इंजिन सुरू ठेवायचे, ही आपल्याकडील सर्रास प्रथा आहे. तिचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. या वेळेत बॅटरीला १० अँपिअरने वीज मिळाली असे धरले, तर दहा मिनिटांत परत येतात १.७ अँपिअर-अवर. आठवडाभरात खर्च झालेले असतात आठाहून अधिक. तूट वाढतच जाते. शिवाय इंजिन पूर्ण तापत नाही. त्यामुळे सायलेन्सरमध्ये पाण्याचा अंश साचतो आणि इंजिनाच्या तेलात ओलावा व इंधन मिसळते. गाडी सुरू करायचीच असेल तर ती रस्त्यावर काढून किमान अर्धा ते पाऊण तास चालवावी. आणि बॅटरी अगोदरच खूप उतरलेली असेल तर तेवढ्यानेही भागत नाही. पूर्ण उतरलेली बॅटरी भरणे हे अल्टरनेटरचे काम नव्हे. ते काम चार्जरचे आहे.

खरा उपाय : सांभाळणारा चार्जर

यावर उपाय म्हणजे बॅटरी मेंटेनर. फेरारीने आपल्या अनेक गाड्यांसोबत असा चार्जर दिला आहे, पोर्शेच्या अधिकृत साहित्यात तो मिळतो आणि स्वीडनमधील सीटेक ही कंपनी याच क्षेत्रात ओळखली जाते. जुन्या पद्धतीचा साधा चार्जर वीज ओततच राहतो; बॅटरी भरल्यानंतरही तो तसाच चालू राहिला तर तिच्यातील पाणी आटते. मेंटेनर मात्र टप्प्याटप्प्याने काम करतो. प्रथम भरपूर प्रवाह, मग सुमारे १४.४ व्होल्टवर हळूहळू घटता प्रवाह आणि बॅटरी भरली की १३.५ व्होल्टच्या आसपास केवळ झालेली गळती भरून काढणे. त्यामुळे तो महिनोन्‌महिने जोडून ठेवता येतो. ३ ते ५ अँपिअरचा चार्जर मोटारीला पुरेसा आहे. निम्मी उतरलेली बॅटरी भरायला त्याला एक रात्र किंवा थोडा अधिक वेळ लागतो. एजीएम बॅटरीसाठी चार्जरवर तशी स्वतंत्र निवड असावी.

चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन हा ज्वलनशील वायू बाहेर पडू शकतो. त्यामुळे जागा हवेशीर असावी आणि जवळपास विडी-सिगारेट किंवा ठिणगी नसावी.

शहरातील खरी अडचण वेगळीच असते. सोसायटीच्या तळघरातील वाहनतळात विजेची जोडणीच नसते. समितीची परवानगी घेऊन स्वतंत्र मीटरवर जोडणी घेणे हा त्यावर सरळ मार्ग. ते शक्य नसेल तर निगेटिव्ह टर्मिनल सोडवून ठेवता येते. त्याने गाडीची गळती थांबते, मात्र चोरीचा इशाराही बंद पडतो. बॅटरी काढून घरी हवेशीर जागी दर महिन्याला चार्ज करणे हा तिसरा पर्याय. काचेमागे ठेवायचे सौर पॅनेल उघड्यावरील गाडीला उपयोगी पडेल, तळघरात ते निरुपयोगी.

बॉनेटच उघडत नाही तेव्हा

स्पोर्ट्स कारमध्ये बॅटरी नेहमीच्या जागी असेलच असे नाही. माझ्दा एमएक्स-५ च्या पहिल्या दोन पिढ्यांत ती डिकीत आहे. पोर्शे ९११ मध्ये इंजिन मागे असल्याने बॅटरी पुढच्या झाकणाखाली, काचेजवळ बसवलेली असते. २००४ ते २०१२ दरम्यानच्या, ९९७ या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या पिढीत हे झाकण विजेवर उघडते. म्हणजे बॅटरी मेली की बॅटरीपर्यंत पोहोचण्याची वाटच बंद होते.

निर्मात्याने त्यासाठी आडवाट ठेवली आहे. किल्लीने दार उघडून, पुढे पाय ठेवण्याच्या जागेत असलेल्या फ्यूज बॉक्समधील पॉझिटिव्ह टोक बाहेर ओढायचे. दुसऱ्या बॅटरीची लाल केबल त्याला आणि काळी केबल दाराच्या बिजागरीजवळील उघड्या धातूला जोडायची. या वेळी इशाऱ्याचा भोंगा वाजू शकतो, तो रिमोटने बंद होतो. मग रिमोटनेच झाकण उघडायचे. या जोडणीवर फक्त झाकण उघडता येते. इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. शेव्हरले कॉर्व्हेटच्या २००५ ते २०१३ मधील पिढीत दरवाजेही विजेवर उघडतात. आत बसलेल्यांसाठी आसनाशेजारी जमिनीलगत यांत्रिक कडी आहे, पण ती ठाऊक नसेल तर माणूस आत अडकतो. गाडीची पुस्तिका संकट येण्यापूर्वी वाचावी ती यासाठीच.

ढकलून गाडी सुरू करण्याचा जुना उपाय ऑटोमॅटिक किंवा दुहेरी क्लचच्या गाड्यांत चालत नाही. त्याच्या वाटेला जाऊ नये.

बॅटरी बदलताना

पूर्ण चार्ज करूनही दुसऱ्या दिवशी दाब १२.४ च्या खाली येत असेल किंवा लोड टेस्टमध्ये बॅटरी कोलमडत असेल तर ती बदलणेच शहाणपणाचे. आपल्या हवामानात तीन ते पाच वर्षे हे तिचे सर्वसाधारण आयुष्य समजावे. नवी घेताना पुढील बाबी जुन्या बॅटरीशी ताडून पाहाव्यात : लांबी-रुंदी-उंची, अँपिअर-अवर, स्टार्टिंगची क्षमता दाखवणारा सीसीएचा आकडा, टर्मिनलची बाजू आणि तळाशी पकडणारी खाच. मूळ बॅटरी एजीएम असेल तर एजीएमच घ्यावी. डिकीत किंवा प्रवाशांच्या जागेत असणाऱ्या बॅटरीला वायू बाहेर नेणारी नळी जोडणे अनिवार्य आहे. ती विसरली तर आम्लाच्या वाफांनी पत्रा गंजतो. दुकानात वर्षभर पडून राहिलेली बॅटरी 'नवी' नसते, म्हणून उत्पादनाची तारीख पाहून घ्यावी.

काढताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. लावताना आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. या क्रमामागे कारण आहे. गाडीचा सारा पत्रा निगेटिव्हला जोडलेला असतो. निगेटिव्ह जोडलेले असताना पॉझिटिव्हवरील पाना पत्र्याला टेकला, तर शेकडो अँपिअरची ठिणगी उडते. हातातील अंगठी व कडे काढावे, डोळ्यांवर चष्मा असावा. बॅटरीचे वजन १५ ते २५ किलो असते, ती वाकून एकट्याने उचलू नये. टर्मिनलवरील पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, कोरडा करून वर पेट्रोलियम जेली लावावी.

वीज तुटल्यावर गाडी काही गोष्टी विसरते. रेडिओचा कोड आधीच शोधून ठेवावा. चौकट नसलेल्या काचा दार उघडताना किंचित खाली सरकतात. बॅटरी मृत असताना त्या सरकत नाहीत, म्हणून दार जोराने लावू नये. नंतर काच पूर्ण वर नेऊन बटण दाबून धरले की तिला मर्यादा पुन्हा 'समजते'. स्थिरता नियंत्रणाचा दिवा लागलाच, तर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून थोडे अंतर चालवल्यावर तो बहुधा विझतो. बीएमडब्ल्यूच्या अनेक गाड्यांत नवी बॅटरी आल्याची नोंद संगणकात करावी लागते, अन्यथा जुन्याच हिशेबाने चार्जिंग होत राहते.

लिथियमचा मोह

पोर्शेने २०१० पासून ९११ जीटी३ सारख्या गाड्यांना लिथियम-आयन बॅटरीचा पर्याय दिला. ६ किलोहून हलकी ही बॅटरी शिशाच्या बॅटरीपेक्षा १० किलोहून अधिक वजन वाचवते. शर्यतीच्या मार्गावर त्याला मोल आहे. कापडाखाली उभ्या गाडीला मात्र त्याचा काही लाभ नाही. तिला लिथियमसाठीचाच चार्जर लागतो. शिशाच्या बॅटरीसाठीचा, सल्फेट फोडण्यासाठी जादा दाब देणारा चार्जर तिला घातक ठरू शकतो.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नये. शिसे आणि आम्ल दोन्ही विषारी आहेत. २००१ च्या नियमांची जागा घेणाऱ्या 'बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२' नुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी विक्रेत्याकडे परत दिली की सहसा किमतीत सूटही मिळते.

थोडक्यात

• दोन आठवड्यांहून अधिक काळ गाडी उभी राहणार असेल तर मेंटेनर जोडावा किंवा निगेटिव्ह टर्मिनल सोडवावे.
• दर महिन्याला व्होल्टचा आकडा तपासावा, १२.४ ला चार्जिंग.
• दहा मिनिटे इंजिन चालवण्यापेक्षा पंधरवड्यातून एकदा पाऊण तास गाडी चालवावी.
• पाणी भरण्याची झाकणे असलेल्या बॅटरीतच डिस्टिल्ड वॉटर घालावे. एजीएम बॅटरी उघडू नये.
• विजेवरील झाकणाच्या गाडीची किल्ली कधीही डिकीत ठेवू नये.

लाखो-कोटींच्या गाडीच्या मानाने मेंटेनरची किंमत नगण्य आहे. जून उजाडण्याआधी तो घरात आला तर दसऱ्याच्या सकाळी गाडीला फुलांचा हार घातल्यावर जम्पर केबल शोधत फिरावे लागणार नाही.