सेगवेवरून नगरदर्शन आणि पदपथाचा प्रश्न

झेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग हे युरोपातील पर्यटकांची सर्वाधिक वर्दळ असणाऱ्या शहरांपैकी एक आहे. १९९२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट असलेल्या या शहराच्या ऐतिहासिक भागात काही वर्षे एक दृश्य नित्याचे झाले होते. पुढे एक मार्गदर्शक, त्यामागे काही पर्यटक, प्रत्येक जण दोन चाकांमधील लहानशा फळीवर ताठ उभा, आणि ही सारी रांग कोणताही आवाज न करता गर्दीतून वाट काढीत निघालेली. २०१६ मध्ये तेथील महानगर प्रशासनाने मध्यवर्ती भागात या वाहनांना मनाई केली आणि हे दृश्य तेथून दिसेनासे झाले.

‘सेगवे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विद्युत वाहनावरून होणाऱ्या मार्गदर्शित सहली जगातील अनेक शहरांत सुरू झाल्या आणि त्यांपैकी बऱ्याच शहरांत त्यांच्यावर कमी-अधिक बंधने आली. या सर्व ठिकाणी वाद उपस्थित झाला तो एकाच मुद्द्यावर. पदपथावर पहिला हक्क कोणाचा, हा तो मुद्दा होय.

वाहनाची रचना

अमेरिकेतील संशोधक डीन केमन यांनी ३ डिसेंबर २००१ रोजी एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात हे वाहन प्रथम लोकांसमोर आणले. त्यापूर्वी केमन यांनी पायऱ्या चढू शकणारी आणि दोन चाकांवर तोल सांभाळणारी ‘आयबॉट’ ही अपंगांसाठीची चाकांची खुर्ची विकसित केली होती. सेगवेतील तोल सांभाळण्याचे तंत्र त्याच संशोधनातून आले आहे.

सेगवेची दोन चाके सायकलप्रमाणे एकामागे एक नसून एका आसावर शेजारी-शेजारी असतात. उभे राहण्याच्या फळीखाली बसविलेले घूर्णनमापक आणि कलमापक संवेदक वाहनाचा कल सेकंदाला सुमारे १०० वेळा तपासतात. स्वार किंचित पुढे झुकला की चाके त्याच्या पायाखाली येण्यासाठी पुढे धावतात आणि तो मागे रेलला की त्यांची गती मंदावते. वेगळा वेगनियंत्रक नाही, वेगळा ब्रेकही नाही. वळण्यासाठी समोरची दांडी डावीकडे वा उजवीकडे कलती करावी लागते. दोन्ही चाके परस्परविरुद्ध दिशांना फिरू शकत असल्यामुळे वाहन जागच्या जागी पूर्ण वळते. कमाल वेग ताशी २० किलोमीटर असतो. ही मर्यादा गाठली की दांडी व फळी मागे कलतात आणि स्वाराला सरळ उभे राहण्यास भाग पाडतात.

२००६ मध्ये कंपनीने दुसऱ्या पिढीची दोन प्रारूपे बाजारात आणली. ‘आय-२’ हे शहरातील गुळगुळीत पृष्ठभागासाठी होते, तर ‘एक्स-२’ हे माती, गवत, वाळू आणि खडबडीत वाटांसाठी होते. एक्स-२ ची चाके रुंद आणि कमी दाबाच्या हवेवर चालणारी असून फळी जमिनीपासून अधिक उंच असते. या सोयींची किंमतही आहे. एका वेळच्या विद्युतभारणावर आय-२ सुमारे ३८ किलोमीटर जाऊ शकते, एक्स-२ मात्र सुमारे १९ किलोमीटर. रुंदीतील फरक तर अधिक महत्त्वाचा आहे. आय-२ ची रुंदी सुमारे ६३ सेंटीमीटर, तर एक्स-२ ची सुमारे ८४ सेंटीमीटर आहे. जुन्या शहरातील अरुंद पदपथावर ८४ सेंटीमीटर म्हणजे समोरून येणाऱ्याने खाली उतरावे इतकी जागा.

सहलीची पद्धत

या वाहनामुळे शहरांची रचनाच बदलून जाईल, अशी भाकिते २००१ मध्ये करण्यात आली होती. ती खरी ठरली नाहीत. सुमारे ५,००० डॉलर एवढी किंमत सामान्य खरेदीदाराच्या आवाक्याबाहेरची होती. वाहनाला स्थिर ग्राहक मिळाले ते मुख्यतः पोलीस दले, विमानतळ व गोदामांतील सुरक्षा सेवा आणि सहलींचे आयोजक यांच्या रूपाने. स्वतःसाठी न परवडणारी वस्तू दोन-तीन तास भाड्याने घेणे मात्र पर्यटकाला परवडत होते.

सहलीचा आरंभ सरावाने होतो. मोकळ्या जागेत प्रत्येकाला वाहनावर चढणे, थांबणे, वळणे आणि उतरणे शिकविले जाते. नवख्यांच्या बहुतेक चुका उतरताना होतात. दांडी हातात धरून, एकेक पाऊल मागे टाकत उतरावे लागते. दांडी ओढून धरली किंवा एक पाय फळीवर विसरला तर वाहन पुढे-मागे झेप घेते. नवशिक्यांसाठी वाहनात मंद गतीची व्यवस्था असून तिचे चिन्ह कासवाचे आहे. त्यानंतर रांग निघते. चालताना बोलणे कठीण असल्याने माहिती सांगण्यासाठी ठरावीक ठिकाणी थांबावे लागते, तर काही आयोजक पर्यटकांच्या कानात ध्वनिग्राहक बसवितात.

निर्मात्यांनी स्वाराचे वजन ४५ ते ११८ किलोग्रॅम असावे, असे ठरवून दिले होते. वरची मर्यादा सहज समजण्यासारखी आहे. खालच्या मर्यादेचे कारण असे की, हे वाहन थांबते ते स्वार मागे रेलल्यामुळे. फार हलक्या व्यक्तीच्या रेलण्याने ते वेळेवर थांबेलच याची खात्री देता येत नाही. सहलींत लहान मुलांना प्रवेश नसतो, तो प्रामुख्याने याच कारणामुळे.

अपघात

हे वाहन आपोआप तोल सांभाळते, त्यामुळे ते पडणारच नाही असा समज सुरुवातीला होता. २००३ मध्ये तोवर विकलेली सुमारे ६,००० वाहने कंपनीला दुरुस्तीसाठी परत मागवावी लागली, कारण बॅटरी क्षीण झाल्यावर काही स्वार पडले होते. २००६ मध्ये सुमारे २३,५०० वाहनांबाबत पुन्हा तशीच वेळ आली. या खेपेस आज्ञावलीतील दोषामुळे चाके अनपेक्षितपणे उलट फिरण्याचा संभव होता.

वॉशिंग्टन येथील एका विद्यापीठ रुग्णालयातील डॉक्टरांनी एप्रिल २००५ ते नोव्हेंबर २००८ या काळात सेगवेवरील अपघातांमुळे आपत्कालीन विभागात आलेल्या ४१ रुग्णांची नोंद अभ्यासली. हा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्या ४१ पैकी १० जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले होते. हेल्मेट घातल्याची नोंद केवळ ७ जणांबाबत होती. सहलीत हेल्मेट सक्तीचे असावे या आग्रहाला या आकडेवारीने बळ दिले.

सराईत हातही चुकतात. ऑगस्ट २०१५ मध्ये बीजिंग येथील जागतिक मैदानी स्पर्धेत २०० मीटर शर्यत जिंकून प्रेक्षकांना अभिवादन करणाऱ्या उसेन बोल्टवर सेगवेस्वार छायाचित्रकार मागून आदळला, हे दृश्य जगभर पाहिले गेले. दोघांनाही गंभीर इजा झाली नाही.

प्राग : बंदीची वाटचाल

प्रागमधील वादाचे मूळ वाहनाइतकेच कायद्यात होते. झेक कायद्यानुसार सेगवेवरील स्वार हा प्रदीर्घ काळ पादचारीच मानला जात असे. साहजिकच त्याला पदपथावर जाण्याची मुभा होती. एरवी हा तपशील क्षुल्लक ठरला असता. परंतु जुने नगर आणि व्ल्टावा नदीपलीकडील माला स्त्राना या भागांतील गल्ल्या मध्ययुगीन आहेत, फरसबंदी दगडी आहे आणि त्याच गल्ल्यांतून शाळकरी मुले, वृद्ध व बाबागाड्या घेऊन निघालेल्या माता ये-जा करतात. जेमतेम थोडा वेळ सराव केलेल्या पर्यटकांचे तांडे पदपथावर आल्याने रहिवाशांच्या तक्रारी वाढत गेल्या.

२०१६ च्या प्रारंभी रस्ते वाहतूक कायद्यात दुरुस्ती करण्यात आली. ‘वैयक्तिक वाहक’ असा स्वतंत्र वर्ग निर्माण झाला आणि त्याला मनाई करण्याचा अधिकार स्थानिक प्रशासनांना मिळाला. प्रागने त्याच वर्षी हा अधिकार वापरला. ऐतिहासिक केंद्र व त्याला लागून असलेल्या भागांतील पदपथ, पादचारी क्षेत्रे आणि सायकलमार्ग या वाहनांसाठी बंद झाले. आयोजकांनी अर्थातच विरोध केला. नियम पाळणाऱ्यांना आणि न पाळणाऱ्यांना एकाच मापाने मोजले जात आहे, वेगमर्यादा व ठरावीक मार्ग हा मधला पर्याय होता, असे त्यांचे म्हणणे होते. ते सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. तथापि वेगमर्यादेवर दिवसभर लक्ष ठेवणार कोण, हा प्रश्न उरतोच.

बंदीनंतर सहली संपल्या नाहीत, त्यांची जागा बदलली. अनेक आयोजक पर्यटकांना मोटारीने केंद्राबाहेर नेऊ लागले आणि इ.स. ९९३ मध्ये स्थापन झालेला ब्रेव्हनोव्हचा मठ, लाद्रोन्का उद्यान यांसारख्या मोकळ्या परिसरात सेगवे चालवू लागले. काहींनी रुंद टायरांच्या विद्युत स्कूटरांचा आश्रय घेतला. प्राग पाहण्यासाठी आलेल्या पर्यटकाने प्रागच्या प्रसिद्ध चौकांपासून दूर जाऊन सेगवे चालवावे, यात थोडा विरोधाभास आहे खरा. मात्र खडबडीत वाटांसाठी बनविलेल्या वाहनाला या उद्यानांच्या पाऊलवाटा चौकांपेक्षा अधिक मानवल्या, असेही म्हणता येईल.

अन्य देशांतील नियम

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराने २००२ मध्येच, म्हणजे वाहन सर्वसामान्यांना उपलब्ध होण्याच्या सुमारास, पदपथांवर त्याला मनाई केली होती. जर्मनीने २००९ मध्ये स्वतंत्र नियमावली करून त्याला मुख्यतः सायकलमार्गांवर स्थान दिले आणि विमा सक्तीचा केला. २०१९ मध्ये या नियमावलीची जागा लहान विद्युत वाहनांविषयीच्या नव्या नियमांनी घेतली. स्पेनमध्ये जानेवारी २०२१ पासून अशी वाहने देशभर पदपथांवर निषिद्ध आहेत.

ब्रिटनमधील स्थिती सर्वांत विलक्षण. तेथे पदपथावर वाहन चालविण्यास मनाई करणारा कायदा १८३५ चा, म्हणजे घोडागाड्यांच्या काळातील आहे. जानेवारी २०११ मध्ये बार्न्सली येथील न्यायालयाने पदपथावर सेगवे चालविणाऱ्या एका नागरिकास याच कायद्यान्वये दोषी ठरविले. रस्त्यावर नेण्यासाठी लागणारी मान्यता वाहनाला नव्हतीच. परिणामी ब्रिटनमध्ये या सहली खासगी जमिनी व वनक्षेत्रे यांपुरत्या राहिल्या.

मार्गदर्शकाची परीक्षा

या सहलींमुळे एक वेगळा कायदेशीर प्रश्नही निकाली निघाला. वॉशिंग्टनमध्ये मोबदला घेऊन शहर दाखविणाऱ्या प्रत्येकास १०० प्रश्नांची परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना घेणे बंधनकारक होते. विनापरवाना मार्गदर्शन केल्यास ३०० डॉलरपर्यंत दंड किंवा ९० दिवसांपर्यंत कारावास होऊ शकत असे. सेगवे सहली चालविणाऱ्या दोघा व्यावसायिकांनी या नियमास आव्हान दिले. शहराविषयी बोलण्यासाठी शासनाची अनुमती घ्यावी लागणे हा भाषणस्वातंत्र्याचा भंग आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. २७ जून २०१४ रोजी संघीय अपील न्यायालयाने तो मान्य करून परीक्षेचा नियम रद्द ठरविला. उल्लेखनीय बाब अशी की, त्याच महिन्यात दुसऱ्या एका अपील न्यायालयाने न्यू ऑर्लिन्स शहराचा मार्गदर्शक-परवान्याचा नियम वैध ठरविला होता.

भारतातील परिस्थिती

भारतात विद्युत वाहनांतून पर्यटन घडते ते बहुतांशी अन्य स्वरूपात. ताजमहालाच्या सभोवतालच्या ५०० मीटरच्या परिघात पेट्रोल व डिझेलच्या वाहनांना प्रतिबंध असल्याने पर्यटकांना बॅटरीवरील वाहनांतून नेले जाते. मोटार वाहनांना बंदी असलेल्या माथेरानमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अनुमतीने डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. माणसाने ओढण्याच्या रिक्षा टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. सेगवेसारखी स्वयंसंतुलित वाहने मुंबईत मरीन ड्राइव्हवर जून २०२० मध्ये पोलिसांच्या गस्तीसाठी आणण्यात आली होती.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची विद्युत वाहने, वजनाची अट पाळल्यास, मोटार वाहन गणली जात नाहीत. सेगवे वेगाच्या कसोटीत बसते, शक्तीच्या कसोटीत नाही, कारण त्याच्या प्रत्येक चाकाची मोटार सुमारे दोन अश्वशक्तीची आहे. दुसरीकडे, अडथळेमुक्त व अपंगांना वापरता येण्याजोगे पदपथ हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या अधिकाराचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. आपल्याकडील बहुतेक पदपथांवर फेरीवाले, उभ्या केलेल्या दुचाकी आणि उघडी गटारे यांच्यामधून पायी चालणेच अवघड असते. तेथे पर्यटकांची रांग जाईल कोठून, हा प्रश्न कायद्याच्याही आधी उभा राहतो.

उत्पादनाची समाप्ती

२०१५ मध्ये चीनच्या नाइनबॉट या कंपनीने सेगवे कंपनी विकत घेतली. १५ जुलै २०२० रोजी मूळ दोन चाकी वाहनाचे अमेरिकेतील उत्पादन थांबविण्यात आले. तोपर्यंत जगभरात सुमारे १,४०,००० वाहने विकली गेली होती आणि कंपनीच्या उत्पन्नात त्यांचा वाटा दीड टक्क्याहूनही कमी उरला होता. त्यानंतरही अनेक शहरांत सहलींचे आयोजक आपल्या जुन्या वाहनांची देखभाल करून त्यांवरच सहली नेत राहिले, तर काहींनी उभ्याने चालविण्याच्या विद्युत स्कूटर स्वीकारल्या. पॅरिसमध्ये एप्रिल २०२३ च्या सार्वमतात मतदान करणाऱ्यांपैकी सुमारे ८९ टक्के नागरिकांनी भाड्याच्या विद्युत स्कूटरांविरुद्ध कौल दिला. मतदानासाठी आलेल्यांचे प्रमाण मात्र ८ टक्क्यांच्या आतच होते. १ सप्टेंबर २०२३ पासून तेथील भाड्याच्या स्कूटर बंद झाल्या.