साठीच्या उंबरठ्यावर थांबलेला मांत्रिक

अमेरिकी कॉमिक्सच्या जगात नायकाचे वय वाढत नाही. सुपरमॅन १९३८ साली आला आणि अजूनही ऐन तारुण्यात आहे. इंद्रजाल कॉमिक्समधून मराठी घरांत पोहोचलेल्या वेताळाची रचना जरा हुशारीची होती. बापाचा मुखवटा मुलगा चढवतो, म्हणून जंगलातली माणसे वेताळाला अमर मानतात. पण आपण वाचत होतो तो एकविसावा वेताळ काही कधी म्हातारा झाला नाही. या रिवाजाला 'हेलब्लेझर' ही कॉमिक मालिका हा ठळक अपवाद आहे. जानेवारी १९८८ च्या तारखेचा तिचा पहिला अंक आणि फेब्रुवारी २०१३ मधला ३००वा, म्हणजे शेवटचा अंक, यांच्यामध्ये पंचवीस वर्षे जातात; आणि तिच्या नायकाचीही तेवढीच वर्षे जातात. जॉन कॉन्स्टंटाइनची जन्मतारीख १० मे १९५३, गाव लिव्हरपूल, आणि दर वर्षी तो खरोखर एका वर्षाने मोठा होत गेला. भुते, सैतान, मंत्रतंत्र यांच्यामुळे ही मालिका टिकली असे वरवर वाटते, पण तो माल बाजारात कधीच दुर्मीळ नव्हता. माझ्या मते ती टिकली या वाढत्या वयामुळे आणि त्या वयाचा हिशेब ठेवणाऱ्या वाचकांमुळे. लेखक बदलले, संपादक बदलले, चित्रकार तर कितीतरी बदलले. कॉन्स्टंटाइनच्या आयुष्याची बखर अखंड सांभाळली ती चाहत्यांच्या न संपणाऱ्या चर्चेने.

भयकथेच्या कॉमिकला असा बोलका वाचकवर्ग पहिल्यांदा मिळाला तो १९५० नंतर, ईसी कॉमिक्स या अमेरिकी प्रकाशनाला. 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट'सारख्या मासिकांत गोष्ट सांगणारी भुतेच वाचकांच्या पत्रांना उत्तरे देत आणि १९५३ मध्ये तर कंपनीने चाहत्यांचा रीतसर क्लब काढला. तो फार काळ टिकू दिला गेला नाही. एप्रिल १९५४ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे कॉमिक्सची सुनावणी झाली आणि त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर 'कॉमिक्स कोड' लादून घेतला. अंकाच्या नावात 'हॉरर' हा शब्द चालणार नाही, रक्तपिपासू पिशाच्चे आणि चालती प्रेते चालणार नाहीत, असे नियम झाले. ब्रिटनमध्ये गोष्ट आणखी पुढे गेली. सप्टेंबर १९५४ मध्ये ग्लासगोच्या गॉर्बल्स वस्तीत शेकडो मुले लोखंडी दातांच्या पिशाच्चाला शोधत दफनभूमीत शिरली. खापर कॉमिक्सवर फुटले, आणि १९५५ मध्ये संसदेने मुलांसाठीच्या भयकॉमिक्सविरुद्ध कायदाच केला. ब्रिटिश लेखकांच्या ज्या पिढीने पुढे 'हेलब्लेझर' घडवली, ती या कायद्याच्या सावलीत वाढली. तिला आपल्या देशाबद्दलची भयकथा सांगायला न्यूयॉर्कच्या प्रकाशकाचे दार ठोठावावे लागले, ही या इतिहासातली मला सर्वांत अर्थपूर्ण वाटणारी गोष्ट आहे.

हे दार उघडले ॲलन मूर याने. डीसी कॉमिक्सच्या 'स्वॉम्प थिंग' मालिकेला त्याने नवे रूप दिले आणि १९८४ मध्ये तिने कोडचा शिक्का सोडला. जून १९८५ च्या ३७व्या अंकात कॉन्स्टंटाइन प्रथम आला. चित्रकार स्टीव्ह बिसेट आणि जॉन टॉटलबेन यांना स्टिंग या गायकासारखा दिसणारा माणूस काढायचा होता, एवढे साधे त्याचे मूळ. मळका लांब कोट, ओठात सिगारेट, आणि हातात कसलीही दैवी शक्ती नसताना केवळ बोलण्याच्या जोरावर भल्याभल्यांना फिरवणारा हा मांत्रिक वाचकांना इतका आवडला की त्याला स्वतंत्र मासिक मिळाले. त्याचे नाव 'हेलरेझर' ठरले होते. पण १९८७ मध्ये क्लाइव्ह बार्करचा त्याच नावाचा चित्रपट आला आणि नाव बदलावे लागले. नॉर्थॅम्प्टनचा जेमी डेलानो लेखक, जॉन रिजवे चित्रकार आणि मुखपृष्ठे डेव्ह मॅककीनची. डेलानोने आपला हेतू लपवला नाही. तिसऱ्या अंकातच जून १९८७ च्या निवडणुकीची रात्र आहे, मार्गारेट थॅचर तिसऱ्यांदा जिंकत आहेत आणि लंडनच्या पैसेवाल्या तरुणांचे आत्मे सैतानाचे दलाल शेअरसारखे विकत घेत आहेत. सैतान इथे पुराणातून येत नाही, त्या सकाळच्या वर्तमानपत्रातून येतो. अशा गोष्टीचा नायक एकाच वयात गोठवून ठेवणे शक्यच नव्हते. गोष्टीला तारीख असली की माणसालाही तारीख लागते.

आता चाहत्यांच्या स्मृतीबद्दल. 'स्वॉम्प थिंग'मध्ये मूरने कॉन्स्टंटाइनच्या तोंडी न्यूकॅसल या गावाचे नाव घातले. तिथे काहीतरी भयंकर घडले होते, एवढाच इशारा. ते काय, हे डेलानोने 'हेलब्लेझर'च्या अकराव्या अंकात सांगितले. १९७८ साल आहे. तरुण, घमेंडखोर कॉन्स्टंटाइन मित्रांना घेऊन न्यूकॅसलच्या एका क्लबात शिरतो. तिथे ॲस्ट्रा नावाची लहान मुलगी बापाच्या अघोरी विधींची बळी ठरली आहे आणि तिच्या भीतीतून एक अक्राळविक्राळ शक्ती जन्मली आहे. तिला आवरायला तो एक सैतान जागा करतो, पण त्याचे खरे नाव ठाऊक नसल्याने तो काबूत राहत नाही. सैतान मुलीला नरकात ओढून नेतो आणि कॉन्स्टंटाइनच्या हातात उरतो फक्त तिचा तुटलेला हात. त्यानंतर वेड्यांच्या इस्पितळातली वर्षे. एका लेखकाने टाकलेला शब्द दुसऱ्याने उलगडला, आणि पुढच्या प्रत्येकाला तो गृहीत धरावा लागला. मधल्या काळात तो शब्द जिवंत ठेवणारे कोण? अंकाच्या मागच्या पानांवर पत्रे लिहिणारे, कॉमिक्सच्या दुकानांत आणि संमेलनांत जुने अंक पुढे करून वाद घालणारे वाचक. त्यांच्या दृष्टीने न्यूकॅसल ही मागची कथा नव्हती. ते कॉन्स्टंटाइनवरचे न फिटलेले कर्ज होते, आणि नवा लेखक ते विसरत तर नाही ना यावर त्यांचा पहारा होता.

वय वाढण्याचा खरा अर्थ कळला तो १९९१ मध्ये. बेलफास्टजवळचा गार्थ एनिस ४१व्या अंकापासून लिहू लागला, तेव्हा तो जेमतेम २१ वर्षांचा होता. त्याने पहिल्याच कथेत, 'डेंजरस हॅबिट्स'मध्ये, नायकाला फुप्फुसाचा कर्करोग दिला. कारण उघड आहे: इतकी वर्षे जो माणूस सिल्क कट सिगारेटी ओढतो आहे, त्याला कधीतरी ते होणारच. या कथेची युक्ती प्रसिद्ध आहे. कॉन्स्टंटाइन नरकाच्या दोन अधिपतींना एकमेकांच्या नकळत आपला आत्मा विकतो. तिसरा त्याच्यावर आधीच खार खाऊन आहे. आता तो मेला तर तिघांत युद्ध पेटेल आणि नरकच संपेल, म्हणून तिघे नाइलाजाने त्याला बरा करतात. पण ही कथा मोठी ठरते ती इस्पितळातल्या मॅट नावाच्या म्हाताऱ्यामुळे. तोही त्याच रोगाचा रुग्ण; दोघांची थोडी मैत्री होते, आणि मॅट मरतो. त्याच्यासाठी कसलीही युक्ती नाही, कुणाशी सौदा नाही. मांत्रिक वाचतो आणि शेजारच्या खाटेवरचा साधा माणूस जातो, ही बोच एनिसने तशीच राहू दिली. चाहत्यांत या कथेवर आजही बोलणे होते, तेव्हा ते सैतानाला फसवण्यावरून सुरू होऊन बहुतेकदा मॅटपाशी येते, यात मला नवल वाटत नाही. पुढे १९९३ मध्ये ६३व्या अंकात कॉन्स्टंटाइनचा चाळिसावा वाढदिवस साजरा झाला. योगायोग असा की व्हर्टिगो या प्रौढांसाठीच्या नव्या नाममुद्रेचा शिक्काही 'हेलब्लेझर'वर त्याच अंकापासून आला.

मालिका चाहत्यांच्या स्मृतीने टिकवली या म्हणण्यावर पहिला आक्षेप असा की ही स्मृती म्हणजे दुसऱ्या नावाने हट्टीपणा. असे वाचक लेखकाचे हात बांधतात आणि 'आमचा कॉन्स्टंटाइन असा नव्हता' म्हणत नव्याला दाराबाहेर ठेवतात. या आक्षेपात तथ्य आहे. २००० मध्ये ब्रायन अझरेलो हा पहिला अमेरिकी नियमित लेखक आला, त्याने कॉन्स्टंटाइनला थेट अमेरिकी तुरुंगात टाकले, आणि वाचकांत जे तट पडले ते अजून मिटलेले नाहीत. तरीही मालिकेचा इतिहास पाहिला तर वाचकांनी बदल भरपूर पचवले आहेत. माइक कॅरीने चाळीस अंकांची सलग महाकथा लिहिली. गुन्हेगारी कादंबऱ्यांसाठी नावाजलेली स्कॉटिश लेखिका डेनिस मिना हिने कॉन्स्टंटाइनला ग्लासगोला नेले. पीटर मिलिगनने २०११ मध्ये, २७५व्या अंकात, त्याचे लग्न लावले. तेही त्याच्याहून कितीतरी तरुण मुलीशी. हे सारे मालिकेत सामावले, कारण माणूस तोच होता: वयाने वाढलेला, जुन्या पापांसकट. २००५ च्या 'कॉन्स्टंटाइन' चित्रपटावर चाहते नाराज झाले, तेव्हा नायकाचे काळे केस आणि लॉस एंजेलिस यांवर पुष्कळ बोलले गेले. माझ्या मते दुखणे त्याहून खोल होते. चित्रपटाने एनिसकडून कर्करोग उचलला, पण ज्या आयुष्यातून तो कर्करोग आला होता ते आयुष्य मागेच ठेवले. पंचविशीतल्या वाचकाला ही तक्रार क्षुल्लक वाटेल. वीस वर्षे त्याच्याबरोबर मोठे झालेल्याला नाही वाटणार.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. चाहते एवढे मोलाचे, तर निर्णय त्यांच्या हातात का नव्हते? वॉरन एलिस या लेखकाचे उदाहरण समोर आहे. त्याने शाळेतल्या गोळीबारावर 'शूट' ही कथा लिहिली; तिची चित्रेही तयार होती. २० एप्रिल १९९९ रोजी कोलंबाइन या अमेरिकी शाळेत गोळीबाराची घटना घडली आणि डीसीने ती कथा आहे तशी छापायला नकार दिला. एलिस मालिका सोडून गेला. ती छापली गेली २०१० मध्ये, तब्बल अकरा वर्षांनी. प्रकाशकाची बाजू मी समजू शकतो. मुलांचे मृतदेह अजून डोळ्यांसमोर होते. पण ही कथा अकरा वर्षांनंतरही छापण्याजोगी ठरली, तिला तेव्हाही वाचक होता, कारण तिची आठवण कुणीतरी धरून ठेवली होती. चाहत्यांकडे मालकी नव्हती हे कबूल करावेच लागते. पात्र कंपनीचे, नफातोटा कंपनीचा. वाचकांकडे होती ती सातत्याची जबाबदारी, आणि ती त्यांनी कुणी न सोपवता घेतली होती. २००२ च्या सुमारास डीसीने आपल्या अंकांतून वाचकांच्या पत्रांची पाने काढून टाकली, तेव्हा ही जबाबदारी छापील पानांवरून उठली. ती थांबली नाही, पण लेखक आणि वाचक एकाच अंकाच्या दोन टोकांना भेटत, ते भेटणे गेले. हा तोटा पुरेसा मोजला गेलेला नाही असे माझे ठाम मत आहे.

तिसरे म्हणणे व्यवहाराचे: वय वाढणारा नायक धंद्याला परवडत नाही, आज ना उद्या तो मरणारच, मग कंपनीने मालिका थांबवली यात चुकले काय? विक्री उतरली होती हे खरे. पण मरणाऱ्या नायकाला मरू देणे आणि त्याचे वय पुसून टाकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०११ मध्ये डीसीने आपले सारे विश्व नव्याने मांडले आणि त्यात एक तरुण कॉन्स्टंटाइन महानायकांच्या टोळीत दाखल झाला. दीड वर्ष दोन कॉन्स्टंटाइन एकाच वेळी छापले जात होते. एक साठीकडे झुकलेला, दुसरा कोरा. नोव्हेंबर २०१२ मध्ये कंपनीने निवड जाहीर केली. मिलिगनने 'डेथ अँड सिगारेट्स' या तीन अंकांच्या कथेत म्हाताऱ्याला निरोप दिला. त्यात मृत्यू आहे, अंत्यसंस्कार आहेत, आणि तो खरोखर गेला की नाही याबद्दल संदिग्ध अशी शेवटची पाने आहेत. ती कशी वाचायची यावर वाचकांचे एकमत नाही. पुढे २०१९ मध्ये सायमन स्परिअरने जुना, सुरकुतलेला कॉन्स्टंटाइन परत आणला, बारा अंकांत ती मालिका बंद पडली, आणि २०२४ मध्ये त्याच लेखकाकडून तिचा पुढचा भाग आला. म्हातारा अजून कुणाला तरी हवा आहे.

३००वा अंक दुकानांत आला तो २० फेब्रुवारी २०१३ रोजी. १० मे २०१३ ला जॉन कॉन्स्टंटाइन साठ वर्षांचा झाला असता. त्याआधीच, मार्चमध्ये, त्याच्या नावाचे नवे मासिक सुरू झाले, आणि त्यातला कॉन्स्टंटाइन तरुण होता.