सहा आकडे आणि एक दुभाषी

ॲनिमेशनचं काम करणाऱ्यांच्या टेबलावर डाव्या हाताशी कधीकधी एक बुटकी, जड बुडाची टोपी दिसते. उजव्या हातात नेहमीचा माउस किंवा पेन, डावा हात या टोपीवर. ती जराशी ढकलली की पडद्यावरचं दृश्य सरकतं, पिळली की गिरकी घेतं, वर उचलली की उचललं जातं. हा स्पेसमाउस. यूएसबीला जोडल्याबरोबर संगणक त्याला ओळखतो. पण ‘माया’ हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर उघडावं, तर कधी टोपी कितीही पिळली तरी दृश्य ढिम्म. मग कोणी जाणकार येतो, ‘एमएलएल’ शेपटीची एक फाइल शोधून मायाच्या प्लग-इन्सच्या फोल्डरात ठेवतो, प्लग-इन मॅनेजर उघडून दोन चौकटींत खुणा करतो आणि टोपी कामाला लागते. यंत्रही शाबूत, सॉफ्टवेअरही शाबूत. तरी मध्ये ही फाइल लागतेच. ती का, हे टोपीचं कूळ शोधल्यावर कळतं.

या कुळातले थोरले अणुभट्टीच्या आसपास जन्मले. दुसऱ्या महायुद्धानंतर शिकागोजवळच्या अरगॉन प्रयोगशाळेत किरणोत्सारी पदार्थ हाताळायचे होते आणि माणसाला जाड भिंतीअलीकडे ठेवायचं होतं. रेमंड गोर्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलीकडे मूठ आणि पलीकडे चिमटा अशी जोडगोळी बनवली. मूठ जशी फिरे तसा चिमटा फिरे. सुरुवातीची यंत्रं निव्वळ यांत्रिक होती. हाताची हालचाल पलीकडे काय करणार हे मधल्या जोडण्यांनीच ठरवून टाकलेलं असे. पुढे मधल्या जोडणीची जागा विजेच्या तारेनं आणि मग संगणकानं घेतली, तेव्हा हे ठरवायचं काम मोकळं झालं. ते कोणाला तरी करावं लागणार होतं.

टोपीचा थेट जन्म बव्हेरियातला. म्युनिकजवळच्या ओबरफाफेनहोफेन इथे जर्मन अंतराळ संशोधन केंद्राची रोबो-संस्था आहे. गेर्ड हिर्झिंगर यांच्या नेतृत्वाखाली तिथे रोबोच्या मनगटात बसवायच्या संवेदकावर काम चाललं होतं. वस्तूला हात लागल्यावर जोर किती आणि पीळ किती, हे रोबोला कळावं, हा त्यामागचा हेतू. याच वेळी दुसरी एक अडचण कारखान्यांत रोजची होती. रोबोला काम शिकवायचं तर हातात बटणांची पेटी घ्यायची आणि एकेक अक्ष हलवायचा: आधी पुढे, मग वर, मग थोडं वळवून. ज्या हालचालीला माणसाच्या हाताला एक क्षण पुरतो, तिचे बटणांवर तुकडे पडत. मनगटासाठीचा संवेदक पोकळ चेंडूत घालून टेबलावर ठेवला, तर तोच मूठ होऊ शकतो, हे या मंडळींच्या ध्यानात आलं. रोबोच्या मनगटात जो बाहेरचा जोर मोजणार होता, तो आता माणसाच्या बोटांचा जोर मोजू लागला.

आतली रचना साधी आणि देखणी आहे. झाकणाच्या आत प्रकाशाचे छोटे दिवे, समोर फटी आणि प्रकाश नेमका कुठे पडला हे ओळखणाऱ्या पट्ट्या. झाकण किंचित हललं तरी प्रकाशाची जागा बदलते आणि त्यावरून सहा आकडे निघतात: डावी-उजवीकडे, पुढे-मागे आणि वर-खाली सरकण्याचे तीन, आणि या तीन अक्षांभोवती फिरण्याचे तीन. हात सोडला की स्प्रिंग झाकण मधोमध आणतात आणि सहाही आकडे शून्यावर येतात. नेहमीच्या माउसशी इथे मोठा फरक पडतो. माउस हात किती सरकला ते सांगतो; ही टोपी किती वेगानं जायचं ते सांगते. ती कलती धरून ठेवली, तर दृश्य चालतच राहतं.

२६ एप्रिल १९९३ रोजी कोलंबिया यान स्पेसलॅबची डी-२ मोहीम घेऊन निघालं, तेव्हा त्यात ‘रोटेक्स’ नावाचा एक लहानसा रोबो-हात होता. जाळीदार रचना जुळवणं, विजेची जोडणी काढून पुन्हा बसवणं आणि तरंगती वस्तू पकडणं, ही त्याची कामं. नियंत्रण-चेंडू अंतराळवीरांकडे होता, तसाच जमिनीवरही होता. पण जमिनीवरून दिलेली आज्ञा वर पोचून तिचा परिणाम दिसायला पाच ते सात सेकंद लागत. एवढ्या उशिरानं खरं चित्र बघून हात चालवणं अशक्यच. म्हणून ओबरफाफेनहोफेनमध्ये संगणकाच्या पडद्यावर रोबोची त्रिमित प्रतिकृती उभी केली गेली. चालक चेंडूनं ती हलवी, ती लगेच हले, आणि खरा हात काही सेकंदांनी तीच हालचाल करी. जवळचे बारकावे त्याच्या अंगावरचे संवेदक सांभाळून घेत. म्हणजे अंतराळाच्या कामात जमिनीवरच्या माणसाच्या हाताखाली प्रत्यक्ष जे हलत होतं, ते पडद्यावरचं चित्र होतं. ॲनिमेशनवाल्यांच्या टेबलापर्यंतचं अर्धं अंतर इथेच कापलं गेलं.

त्याच वर्षी जूनमध्ये ‘जुरासिक पार्क’ प्रदर्शित झाला आणि त्यात या टोपीचा एक चुलतभाऊ काम करून गेला. फिल टिपेट यांच्या स्टुडिओतली माणसं डायनासोरचा धातूचा सांगाडा चौकटीचौकटीनं हलवण्यात मुरलेली. चित्रं मात्र आता संगणकात तयार होणार होती. क्रेग हेज यांनी सांगाड्याच्या सांध्यांत कोन मोजणारी उपकरणं बसवली. सांगाड्याची मांडी वाकवली की संगणकातल्या प्राण्याची मांडी वाकायची. हा भाऊ एकेका प्राण्यापुरता घडवलेला. त्याच्या प्रत्येक सांध्याला पलीकडे ठरलेला जोडीदार होता. टोपीला असा ठरलेला जोडीदार नाही. ती सगळ्यांची आहे, म्हणूनच तिला प्रत्येक घरी दुभाषी लागतो.

बाजारात ती नव्वदच्या दशकात ‘मॅजेलन’ आणि ‘स्पेसमाउस’ या नावांनी आली. ऑस्ट्रेलियातून निघालेला ‘स्पेसबॉल’ तिचा प्रतिस्पर्धी. २००१मध्ये लॉजिटेकच्या छत्राखाली दोन्ही घराणी ‘थ्रीडीकनेक्शन’ या एका कंपनीत आली आणि २००६मध्ये ‘स्पेसनेव्हिगेटर’ निघाल्यावर ही वस्तू एकट्यादुकट्या कलाकाराच्याही आवाक्यात आली.

दुभाषी म्हणजे ती फाइल; तिचं कूळ वेगळं आहे. मूळ प्रोग्रॅम न उसवता बाहेरच्या माणसानं त्यात नवं काम जोडावं, ही सोय मॅकिंटॉशवरच्या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरांत ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस दिसू लागली. १९९०च्या फोटोशॉपनं ती घरोघरी नेली. अलायस-वेव्हफ्रंटनं १९९८मध्ये माया बाजारात आणलं, तेव्हा ते मुळातच बाहेरच्यांना दार ठेवून बांधलं होतं. विंडोजवर त्याच्या प्लग-इनची शेपटी ‘एमएलएल’, मॅकवर ‘बंडल’, लिनक्सवर ‘एसओ’. माया अशी फाइल उघडतं तेव्हा आधी तिच्यात सुरुवातीचं एक ठरलेलं फंक्शन शोधतं आणि ते चालवतं. निरोप देताना शेवटचं दुसरं. एवढा रिवाज पाळला की पाहुणा घरचा होतो.

माया स्वतः माउसच्या हिशोबानं घडलेलं आहे. ऑल्ट दाबून डावं बटण धरलं की दृश्य फिरतं, मधलं धरलं की सरकतं, उजवं धरलं की जवळ-दूर होतं. एका वेळी एकच. रोबोच्या बटणांच्या पेटीची तक्रार इथे जशीच्या तशी परत आली आहे, आणि टोपीकडून येणारे सहा एकत्र आकडे घ्यायला मायाकडे आपली अशी जागा नाही. ड्रायव्हर ते आकडे यूएसबीवरून आणून उंबऱ्यापर्यंत पोचवतो. त्यांतून कॅमेऱ्याची नवी जागा आणि दिशा काढून मायाला देणं, हे प्लग-इनचं काम.

बहुतेक वेळा ड्रायव्हरचा इन्स्टॉलर ही फाइल आपणहून ठेवतो. पण त्या घडीला संगणकावर जे माया सापडेल, त्याच्यासाठीच. माया नंतर आलं, नवी आवृत्ती आली किंवा स्टुडिओनं ते नेहमीची जागा सोडून भलत्याच ड्राइव्हवर बसवलं, तर काम हातानं करावं लागतं. इथे पहिलं पथ्य आवृत्तीचं: २०२२साठी बांधलेली फाइल २०२४मध्ये चालेलच असं नाही, कारण ती त्या-त्या मायाच्या अंतर्रचनेला धरून कंपाइल केलेली असते. योग्य फाइल ठेवल्यावर प्लग-इन मॅनेजरमधली ‘लोडेड’ची खूण आजच्यापुरती, ‘ऑटो लोड’ची कायमची; दुसरी राहून गेली, की दुसऱ्या दिवशी टोपी पुन्हा मुकी. जिथे यंत्रं बरीच असतात तिथे फाइल एका सामायिक फोल्डरात ठेवतात आणि ‘माया प्लग-इन पाथ’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला त्याचा पत्ता देतात.

ब्लेंडर या दुसऱ्या त्रिमित सॉफ्टवेअरनं मात्र या यंत्राची सोय स्वतःच्या पोटातच करून घेतली आहे, त्यामुळे तिथे फाइल शोधत बसावं लागत नाही. दुभाष्याचं काम तिथेही टळलेलं नाही, फक्त तो घरातच राहायला आला आहे. कारण टोपी उजवीकडे ढकलली, म्हणजे वस्तू उजवीकडे न्यायची की कॅमेरा, हे सहा आकड्यांत कुठेच लिहिलेलं नसतं. कॅमेरा उजवीकडे गेला तर पडद्यावरची वस्तू डावीकडे जाते. दोन्ही अर्थ बरोबर. मॉडेल घडवणाऱ्याला पहिला हवा असतो, दृश्यातून फिरणाऱ्याला दुसरा. म्हणून प्लग-इन बसवल्यावर पहिली चाचणी घ्यावी ती टोपी उजवीकडे ढकलून. वस्तू उलट्या दिशेनं निघाली तर फाइल पुन्हा बसवू नये. सेटिंगमध्ये जाऊन दुभाष्याला एवढंच सांगावं, की हात आता वस्तूवर आहे, कॅमेऱ्यावर नाही.