माळेगावची यात्रा : देव, दावण आणि बदलता बाजार

१/२०
‘माळेगावची यात्रा आता पहिल्यासारखी राहिली नाही.’ मुखेड तालुक्यातील आमच्या गावी मार्गशीर्ष सरत आला की हे वाक्य हमखास कानी पडते. आजोबा ते म्हणत. त्यांचे वडीलही म्हणत असत, असे आजोबाच सांगत. तीन पिढ्या एकच तक्रार करीत असतील, तर इतिहासाच्या विद्यार्थिनीने थांबून विचारायला हवे : नेमके काय बदलले? आणि कोणासाठी? त्या प्रश्नाचा हा धागा.

२/२०
प्रथम एक खुलासा. हे नाशिक जिल्ह्यातील मालेगाव नव्हे. हे ‘ळ’चे माळेगाव, नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यात, नांदेड–लातूर रस्त्यावर वसलेले. येथील खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी–अमावास्येच्या सुमारास सुरू होते. ‘यात्रा’ आणि ‘जत्रा’ हे एकाच संस्कृत शब्दाचे दोन अवतार आहेत. पहिल्यात देवाकडे जाणे अधिक ऐकू येते, दुसऱ्यात पाळणे, फुगे आणि गर्दी. माळेगावात दोन्ही एकाच धुळीत उभे असतात.

३/२०
तिथीच का महत्त्वाची? याच अमावास्येला नांदेड, लातूर, धाराशिव भागांत ‘येळवस’ म्हणजे वेळ अमावास्या साजरी होते. खरिपाचा माल घरात किंवा बाजारात गेलेला, रब्बीची पेरणी उरकलेली, बैलांना जरा उसंत आणि शेतकऱ्याच्या गाठीला वर्षातली सर्वांत मोठी रक्कम. बैल विकणारा आणि घेणारा, दोघेही एकाच वेळी मोकळे असण्याचा हा काळ. यात्रेची तिथी पंचांगात असली, तरी तिच्या बाजाराचे बळ शेतीच्या वेळापत्रकात होते.

४/२०
आता देवाकडे पाहू. खंडोबा घोड्यावर बसतो, त्याच्यासोबत कुत्रा असतो. परंपरेनुसार त्याची एक पत्नी म्हाळसा वाण्याची, तर दुसरी बाणाई धनगराची. म्हणजे व्यापारी पेठ आणि मेंढपाळांचे रान, दोन्ही एकाच देवघरात. हाच देव कर्नाटकात मैलार आणि तेलंगणात मल्लण्णा म्हणून पुजला जातो. गुंथर सोंथायमर या जर्मन अभ्यासकाने या मेंढपाळी दैवतांच्या अभ्यासाला आयुष्य वाहिले, ते उगीच नव्हे.

५/२०
म्हणूनच मराठी, कन्नड आणि तेलुगू यांच्या सांध्यावरचे हे ठिकाण अशा यात्रेला अनुरूप होते. ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ म्हणत भंडारा उधळणारे भक्त तिन्ही भाषांच्या मुलखांतून येत. त्यांच्यासोबत घोडे, गाढवे, उंट, बैल येत. घोंगड्या, घुंगरमाळा, कासरे, लोखंडी अवजारे येत. घिसाडी, वैदू, गोसावी, कोल्हाटी, वडार, मसणजोगी यांचे तांडे वर्षभर रानोमाळ पांगलेले असत. त्यांच्यासाठी वर्षातून एकदा भेटण्याचे हे ठरलेले ठिकाण होते.

६/२०
हे ‘ठरलेले ठिकाण’ किती मोलाचे होते, ते समजण्यासाठी रेल्वेपूर्व दख्खन डोळ्यांसमोर आणावे लागेल. मीठ आणि धान्य लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून शेकडो मैल प्रवास करीत असे. पत्ता नाही, टपाल नाही, बारमाही दुकान नाही. अशा जगात तारीख आणि जागा पक्की असणे हीच मोठी व्यापारी सोय होती. यात्रेत देव साक्षीला होता, म्हणून परक्याशी केलेल्या व्यवहारालाही थोडा विश्वास लाभत असे.

७/२०
मग रुळ आले. हैदराबादहून नांदेडमार्गे मनमाडला जाणारा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोहोचली. धान्य, कापूस, कापड यांच्या व्यापाराला स्थानकाजवळची पेठ मिळाली. लमाणांचे बैल हळूहळू रिकामे झाले. परंतु मुखेड शहराला आजही रेल्वे नाही. बालाघाटाच्या या टापूत बैलगाडीचे राज्य पुढेही दीर्घकाळ टिकले आणि बैलाचा बाजारही टिकला. रेल्वेने यात्रेतला एक व्यापार नेला, दुसरा मागे ठेवला.

८/२०
ही कथा केवळ आपली नाही. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ स्टरब्रिजची जत्रा भरत असे. तेराव्या शतकाच्या आरंभी राजा जॉन याने कुष्ठरोग्यांच्या रुग्णालयाला तिचा हक्क दिला. एके काळी ती युरोपातील थोर जत्रांपैकी एक होती. न्यूटनने आपला लोलक तेथेच विकत घेतल्याची कथा प्रसिद्ध आहे. पुढे कालवे, दुकाने, रेल्वे आली आणि ती आटत गेली. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात ती विधिवत बंद झाली.

९/२०
येथे एक वर्ष लक्षात ठेवा : १८७१. त्या वर्षी ब्रिटिश संसदेने जत्रा बंद करण्याची मुभा देणारा कायदा केला. अनेक जत्रा अनावश्यक आहेत आणि त्यांतून अनीती फैलावते, असे त्याच्या प्रस्तावनेतच म्हटले होते. त्याच १८७१ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात ‘क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट’ आला आणि संपूर्ण जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. एका कायद्याला जमणारी गर्दी खुपत होती, दुसऱ्याला फिरणारी माणसे. स्थिर घर, स्थिर दुकान, स्थिर कर हा दोन्हींमागचा आदर्श होता.

१०/२०
आपला भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथेही पुढे लमाणांसारख्या फिरत्या समाजांवर अशाच कायद्यांची नजर बसली. ज्यांच्या चालण्यावर व्यापार उभा होता, त्यांचे चालणेच संशयास्पद ठरले. स्वतंत्र भारतात हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. शिक्का मात्र कागदावरून जितक्या लवकर पुसला गेला, तितक्या लवकर मनातून नाही. यात्रेच्या ऱ्हासाची चर्चा करताना आपण बैल मोजतो, पण या माणसांच्या वाटा कशा अडल्या ते मोजत नाही.

११/२०
एकोणिसाव्या शतकाने जत्रेला एक पर्यायही दिला : प्रदर्शन. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील पिट्सफिल्ड येथे एल्काना वॉटसनने मेरिनो मेंढ्या लोकांपुढे मांडल्या आणि १८१०–११ मध्ये तेथे जनावरांचे प्रदर्शन व कृषिमेळा उभा राहिला. उद्देश विक्रीपेक्षा शिकवण्याचा, सुधारण्याचा, बक्षीस देण्याचा. आपल्याकडे १८६५ मध्ये रिचर्ड टेंपलच्या कारकिर्दीत नागपूरला मोठे प्रदर्शन भरले. जत्रेत जनावराची किंमत ठरते. प्रदर्शनात त्याला क्रमांक मिळतो. हा फरक पुढे उपयोगी पडेल.

१२/२०
१९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. आज माळेगावच्या यात्रेचे आयोजन नांदेड जिल्हा परिषदेकडे आहे. कृषी प्रदर्शन, पशुप्रदर्शन, अश्व, श्वान आणि कुक्कुट प्रदर्शन, कुस्त्यांची दंगल, लोककला आणि लावणी महोत्सव असा भरगच्च कार्यक्रम असतो. म्हणजे पिट्सफिल्डचे प्रदर्शन आणि खंडोबाची जत्रा येथे एकाच मंडपात आली.

१३/२०
या प्रदर्शनाचे ऋण मान्य करायला हवे. लाल कंधारी हा आपला गोवंश कंधार, मुखेड, लोहा, बिलोली या पट्ट्यातला. गडद तांबडा रंग, काटक बांधा, उन्हात न थकणारा. चौथ्या शतकात कंधारच्या सोमदेवराय राजाने हा वंश जोपासला, असे परंपरा सांगते. परंपरेला शिलालेखाचे वजन देता येत नाही. परंतु राष्ट्रकूटकालीन जगत्तुंग समुद्र तलावाच्या या गावाला आपल्या बैलाचाही इतिहास असावा असे वाटले, हे पुरेसे बोलके आहे.

१४/२०
शेजारी लातूरकडे देवणी. पूर्ण पांढरा तो बालंक्या, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला शेवरा, अंग पांढरे आणि तोंडावर काळेपणा असलेला वान्नेरा. हे दोन्ही वंश आज अधिकृत नोंदीत आहेत. परंतु नोंद होण्यापूर्वी शेकडो वर्षे त्यांची निवड झाली ती दावणीवर. कोणता वळू गावात ठेवायचा, कोणते खोंड विकायचे, हे ठरवणारे डोळे शेतकऱ्यांचे होते आणि ते डोळे तयार होत ते अशा बाजारांतून.

१५/२०
तो बाजार चालत असे कसा? आधी दात पाहायचे : आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती. मग खूर, वशिंड, शेपटीचा गोंडा. मग दोन पावले चालवून पाहायचे. भाव मात्र तोंडाने बोलायचा नाही. रुमालाखाली हात घालून बोटे दाबायची. शेजारच्याला आकडा कळू नये आणि नकार मिळाला तरी कुणाची शोभा होऊ नये. आजोबांनी आमच्या घरची एक जोडी अशीच आणली. पुढे घरातल्या कित्येक घटना ‘जोडी आणली त्या साली’ अशाच सांगितल्या जात.

१६/२०
मग दावण रिकामी का होऊ लागली? ‘ट्रॅक्टर आला’ हे उत्तर अर्धेच आहे. गेल्या तीन दशकांत नांदेड–लातूरच्या शिवारात सोयाबीन पसरले आणि ज्वारी मागे हटली. ज्वारी माणसाला भाकरी देई आणि बैलाला कडबा. सोयाबीनने रोख पैसा दिला, कडबा दिला नाही. वैरण विकत घेऊन वर्षातले मोजके दिवस राबणारा बैल पोसायचा, की तासाच्या भाड्याने ट्रॅक्टर लावायचा? हा हिशेब भावनेने सुटत नाही. पीक बदलले तेव्हाच माळेगावचा बाजारही बदलू लागला होता. आपल्या लक्षात उशिरा आले.

१७/२०
कायद्यांनीही भर घातली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती थांबवल्या. शर्यतीच्या बैलाची मागणी मंदावली. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्यांचे सुधारित कायदे कायम ठेवले. दरम्यान मार्च २०१५ पासून राज्यात बैलाच्याही कत्तलीवर बंदी आली. पूर्वी थकलेला बैल विकून नव्या जोडीत भर टाकता येई. ती साखळी तुटली. या कायद्यांविषयी मते भिन्न असोत, बाजारावरचा परिणाम मात्र दिसतो. शिवाय कोविडची बंदी सरते न सरते, तोच सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पीमुळे जनावरांचे बाजार राज्यभर थांबले.

१८/२०
बैलाची निदान चर्चा होते. गाढवाची होत नाही. २०१२ मध्ये देशात सुमारे ३.२ लाख गाढवे होती, २०१९ च्या पशुगणनेत ती १.२ लाखांवर आली. सात वर्षांत ६१ टक्के घट. घोडे आणि तट्टेही जवळपास ४५ टक्क्यांनी घटली. माती, वाळू, विटा वाहणाऱ्या वडार, बेलदार, कुंभार कुटुंबांचे भांडवलच हे जनावर होते. माळेगावातील गाढवांचा बाजार बातमीत गमतीचा विषय होतो. त्या घरांसाठी तो वर्षाचा ताळेबंद असतो.

१९/२०
तरीही जुन्या यात्रेचे गोडवे गाताना सावध राहावे. याच मैदानावर भटक्या समाजांच्या जातपंचायती भरत. पोलीस आणि कचेरी ज्यांना आपले मानत नव्हती, त्यांना तेथे तंट्यांचा निवाडा मिळे, सोयरिकी जुळत. पण त्याच पंचायतींनी लोकांना वाळीतही टाकले आणि त्यांचा सर्वाधिक भार बायकांनी सोसला. जुलै २०१७ पासून राज्यात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा लागू आहे. यात्रा ‘पहिल्यासारखी’ न राहण्यात काही सुटकाही आहे, हे ज्यांना न्याय मिळाला नाही त्यांना विचारावे.

२०/२०
तर आजोबांच्या वाक्याला माझे उत्तर असे : देव आहे, गर्दी आहे, प्रदर्शन आहे, जे ओसरते आहे ते कामाच्या जनावराचा बाजार आणि त्याभोवतीच्या माणसांचे ज्ञान. लाल कंधारीच्या विजेत्या वळूचे छायाचित्र सरकारी दप्तरात राहील. पण दात पाहून वय सांगणारा, रुमालाखालची बोटे वाचणारा, कोणत्या वाटेने कोणते तांडे येत हे जाणणारा माणूस कोणत्या दप्तरात राहणार? आजोबांना मी हे सारे विचारायचे ठरवले, तेव्हा ते नव्हते. तुमच्या घरी कुणी असेल, तर या अमावास्येला त्यांच्याजवळ बसा, बोलते करा आणि लिहून घ्या. आणि तुमच्या भागातली कोणती यात्रा अशी बदलली, ते खाली अवश्य सांगा. येळकोट येळकोट जय मल्हार!