मेकॅनिक्स लीन : अमेरिकेत थकीत बांधकाम देयकांच्या वसुलीची तरतूद

बांधकाम करूनही मजुरीचे किंवा साहित्याचे पैसे न मिळाल्यास त्या मिळकतीवरच थकबाकीचा बोजा नोंदविण्याचा अधिकार अमेरिकेतील कायदा कंत्राटदार, उपकंत्राटदार, मजूर व साहित्य पुरवठादारांना देतो. या अधिकारास ‘मेकॅनिक्स लीन’ म्हणतात. येथे ‘मेकॅनिक’ या शब्दाचा अर्थ गवंडी, सुतार यांसारखा कारागीर असा जुना आहे. बोजा कायम असेपर्यंत मिळकत विकणे किंवा तारण ठेवणे मालकास कठीण जाते.

पार्श्वभूमी

या स्वरूपाचा पहिला अमेरिकी कायदा मेरीलँड राज्याने १७९१ मध्ये केला. त्या वेळी वॉशिंग्टन ही नवी राजधानी उभारली जाणार होती आणि त्यासाठी कारागिरांना देयकांची हमी हवी होती. आज सर्व राज्यांत असे कायदे आहेत. मात्र मुदती व कार्यपद्धती राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात हा हक्क राज्यघटनेच्या चौदाव्या अनुच्छेदातच समाविष्ट आहे.

कॅलिफोर्नियातील कार्यपद्धती

उपकंत्राटदार व पुरवठादारांनी काम किंवा पुरवठा सुरू केल्यापासून २० दिवसांत मालक, मुख्य कंत्राटदार व बांधकामास कर्ज देणारी संस्था यांना प्राथमिक सूचना देणे अपेक्षित असते. सूचना उशिरा दिल्यास तिच्या आधीच्या २० दिवसांतील व त्यानंतरच्या कामापुरतेच संरक्षण मिळते. मजुरांना ही अट नाही.

बोजाच्या अर्जात येणे रक्कम, मालकाचे नाव, कामाचे स्वरूप, काम कोणी दिले आणि मिळकतीचे वर्णन नमूद करावे लागते. अर्जाची प्रत मालकास पाठवून तो काउंटीच्या नोंदणी कार्यालयात नोंदविला जातो. त्यासाठी काम पूर्ण झाल्यापासून ९० दिवसांची मुदत असते. मालकाने काम पूर्ण झाल्याची रीतसर नोंद केल्यास ती मुख्य कंत्राटदारासाठी ६० व इतरांसाठी ३० दिवसांवर येते. काम सलग ६० दिवस बंद राहिल्यास तेही पूर्ण झाल्याचे मानले जाते. त्यामुळे काम पुन्हा सुरू होण्याची वाट पाहणाऱ्याचा हक्क नकळत बुडू शकतो.

केवळ नोंदणीने पैसे मिळत नाहीत. नोंदणीनंतर ९० दिवसांत दावा दाखल न केल्यास बोजाची अंमलबजावणी करता येत नाही. दावा सिद्ध झाल्यास न्यायालय मिळकतीच्या विक्रीचा आदेश देऊ शकते. परवाना आवश्यक असताना तो नसलेल्या कंत्राटदारास हा हक्क मिळत नाही. सरकारी मिळकतीवर असा बोजा चढविता येत नाही.

मालकापुढील जोखीम

मुख्य कंत्राटदारास पूर्ण रक्कम दिल्यानंतरही त्याने उपकंत्राटदाराचे पैसे थकविल्यास मालकाच्या घरावर बोजा येऊ शकतो आणि एकाच कामाचे पैसे दोनदा देण्याची वेळ येते. म्हणून प्रत्येक हप्त्याबरोबर संबंधितांकडून हक्क सोडल्याचे लेखी पत्र घेतले जाते. वाद प्रलंबित असताना बोजाच्या रकमेच्या १२५ टक्के रकमेचा हमीरोखा देऊन मालकास मिळकत मोकळी करून घेता येते.

भारतातील स्थिती

भारतात अशा स्वरूपाचा स्वतंत्र कायदा नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७० नुसार कारागीर मोबदला मिळेपर्यंत दुरुस्तीसाठी आलेली वस्तू आपल्या ताब्यात ठेवू शकतो. परंतु हा हक्क जंगम वस्तूंपुरता आहे, इमारतीस तो लागू होत नाही. थकीत देयकांसाठी दिवाणी दावा किंवा करारात तरतूद असल्यास लवाद हे मुख्य मार्ग उरतात. केलेल्या कामाच्या मोबदल्याचा दावा दाखल करण्यास मुदत अधिनियम, १९६३ नुसार सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या देयकांसाठी २००६ च्या अधिनियमात कमाल ४५ दिवसांची मुदत, तसेच विलंबावर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याजाची तरतूद आहे. बांधकाम कंत्राटांना ती लागू होते का, हा प्रश्न मात्र वेळोवेळी न्यायालयांपुढे आला आहे.