सावित्री : घाटाची धाव, खाडीची भरती

महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात पाच नद्यांचं पाणी एकाच गोमुखातून पडतं. त्यातल्या कृष्णा, कोयना, वेण्णा अखेर पूर्वेकडे गेल्या; सावित्री पश्चिमेला निघाली. रागावून निघाली, असं पुराणकथा सांगते. कृष्णेला समुद्र गाठायला चौदाशे किलोमीटर चालावं लागतं, सावित्रीचा सगळा प्रवास शंभरेक किलोमीटरचा. त्यातली खरी उडी सुरुवातीलाच. आर्थरसीटच्या कड्यावरून तिचं खोरं पायाखाली दिसतं. आर्थर मॅलेटची बायको आणि तान्हं मूल याच नदीत बुडालं, म्हणून तो इथं येऊन बसे, असं सांगतात.

पोलादपूर ओलांडून महाडला आली की तिचा वेग मोडतो, कारण खालून समोर येते समुद्राची भरती. या भरतीनंच महाड घडवलं. गलबतं दासगावपर्यंत, लहान मचवे भरतीच्या पाण्यावर थेट महाडपर्यंत. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून उतरायचा, खालून मीठ-मासळी चढायची. गांधारपाल्याची बौद्ध लेणी याच वाटेवर कोरलेली आहेत. खाडीच्या तोंडावरचा बाणकोट इंग्रजांनी १७५५ मध्ये आंग्र्यांकडून घेतला, १७५६ च्या तहात पेशव्यांनी तो त्यांना दिला. हिंमतगडाचा फोर्ट व्हिक्टोरिया झाला. आंबेत, म्हाप्रळ अशा काठच्या गावांतली आम्हां कोकणी मुसलमानांची पोरं होडीवर हात बसला की मुंबईला जाऊन जहाजावर चढत. घरी विचारलं तर उत्तर एकच, ‘जहाजावर हाय.’

पुढे रस्ते झाले, खाडी गाळानं भरली, मचवे गेले. भरती मात्र गेली नाही. वर महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, उतार उभा, म्हणून पाणी काही तासांत महाडला. त्याच वेळी उधाण असेल तर त्याला पुढं वाट कुठली?

२ ऑगस्ट २०१६ ला रात्री महाडजवळचा १९२८ चा दगडी पूल पुरात कोसळला. दोन एसटी गाड्या माणसांसकट गेल्या. त्या दिवशी अमावास्या होती. २२ जुलै २०२१ ला महाड बुडालं, तेव्हा गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती. पूल कशानं पडला हा प्रश्न वेगळा. मी फक्त तिथी सांगतो.

नवा पूल २०१७ मध्येच उभा राहिला. महाडची जुनी माणसं मात्र पावसाचा जोर वाढला की आधी विचारतात, ‘आज भरती कितीला?’